रात्रनिवाऱ्यात खाटा रिकाम्या, पुलाखाली माणसं

नदीकाठ

२३ डिसेंबर २०२४. मध्यरात्र उलटून गेली होती. पुण्याच्या वाघोलीत केसनंद फाट्यावर एक डंपर पदपथावर चढला. तिथे झोपलेले मजूर कामासाठी अमरावतीकडून आले होते. तीन जीव गेले, त्यांत दोन अगदी लहान मुलं. बातमी तुम्ही सगळ्यांनी वाचली असेल. माझ्या मनातून ती गेली नाही. तेव्हापासून ओळखीतले आम्ही सात जण महिन्यातून दोन शनिवार रात्री दहा ते एक, पुण्यात उघड्यावर झोपणाऱ्यांना भेटायला जातो. आमची संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. एक निवृत्त परिचारिका, एक रिक्षावाले काका, दोन कॉलेजची मुलं, बाकी माझ्यासारखे नोकरदार.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, ब्लँकेटं घेऊन. तिसऱ्या-चौथ्या फेरीत एका पुलाखाली एक बाई भेटल्या. त्यांना मी इथे आक्का म्हणते. नवरा बिगारी काम करतो, त्या स्वतः मजूर अड्ड्यावर उभ्या राहतात, तेरा वर्षांचा मुलगा आहे. मी ब्लँकेट पुढे केलं तर त्यांनी हात मागे घेतला.

"ताई, हे ठिवू कुठं? सकाळी आम्ही कामावर गेलो की गाडी येती आन् सगळं उचलून नेती. औंदा दोनदा गेलं. त्यापरीस एक पत्र्याची पेटी द्या, कुलपाची. आन् ती ठिवायला जागा द्या."

गेल्या खेपेला गाडीत जे गेलं त्यात मुलाचा शाळेचा दाखला होता. नवऱ्याचं आधार कार्ड होतं. एक कढई होती. कढईचं दुःख त्या अजून काढतात, कारण ती त्यांच्या आईची होती.

तिथून दोन किलोमीटरवर एक रात्रनिवारा आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नाहीत आणि मला कुणाची तक्रार करायची नाही. आम्ही त्याच रात्री तिकडे गेलो. खाटा चाळीस, माणसं तेरा. गाद्या बऱ्या होत्या, गरम पाण्याचा गिझर होता, भिंतीला नुकता रंग दिलेला. पुढच्या खेपेला मी आक्कांना विचारलं, तुम्ही तिकडे का जात नाही? त्या म्हणाल्या, "गेलो व्हतो की. ह्यांना पुरुषांच्यात टाकलं. मला बायकांच्यात. आन् पोराला म्हनले हा मोठा हाय, बायकांच्यात चालनार न्हाई. पोरगं रातभर बापाकडं बी झोपंना. सकाळच्याला आम्ही परत हितं."

या मंचावर हा धागा सुरू करायचं कारण हेच आहे. "निवारे आहेत पण लोक येत नाहीत" हे वाक्य मी आतापर्यंत तीन कार्यालयांत ऐकलं. लोक का येत नाहीत हे लोकांनाच विचारलेलं मात्र मला कुठे दिसलं नाही.

थोडा हिशेब मांडते. २०२४ पर्यंत चाललेल्या केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत दर एक लाख वस्तीमागे किमान शंभर माणसांसाठी कायमचा निवारा हवा, माणशी ५० चौरस फूट जागा हवी आणि तो चोवीस तास, बाराही महिने उघडा हवा, असं होतं. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची वस्ती ३१ लाखांवर होती. म्हणजे शंभर माणसांचे किमान एकतीस निवारे. आपल्या वॉर्डात निवारा कुठे आहे, हे किती जणांना सांगता येईल? मी स्वतः या शहरात वाढले आणि मागच्या वर्षापर्यंत मला एकाचाही पत्ता सांगता आला नसता.

तुमच्या गावात काय चालतं, कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, ते लिहा. कायद्याचं कुणाला ठाऊक असेल तर तेही.

टेकडीवरून

कळकळ पोचली, पण एक शंका विचारतो. यातल्या बऱ्याच जणांचं गावाला घर असतं, थोडीफार जमीनही असते. चार महिने इथे येतात आणि परत जातात. त्यांना बेघर म्हणायचं का? आणि दारूचं काय? आमच्या कोपऱ्यावर जे झोपतात त्यातले निम्मे तरी संध्याकाळी शुद्धीत नसतात. निवाऱ्याने त्यांना का घ्यावं?

नदीकाठ

शंका रास्त आहे. आक्कांचंही गावाला घर आहे. दोन खोल्या, दिरांच्या वाटणीत. पण त्या वर्षातले नऊ महिने जिथे झोपतात तिथे छप्पर नाही. पाऊस, डास, डंपर आणि रात्री दोन वाजता काठी आपटणारा माणूस, हे सगळं त्या नऊ महिन्यांतच वाट्याला येतं. गावाकडचं घर त्या रात्री त्यांच्या कामाला येत नाही.

दारूचं नाकारत नाही. मात्र आम्हाला भेटलेल्यांत बहुतेक जण सकाळी सात वाजता कामाला जाणारे आहेत. ते आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण बाहेर पडतो तोवर ते गेलेले असतात.

वऱ्हाडी वाटसरू

मी अमरावतीचा. वाघोलीची बातमी आमच्याकडे वेगळ्या पद्धतीनं लागली, म्हणून लिहितो. आमच्या जिल्ह्यात मेळघाटातून दिवाळी झाली की गावंच्या गावं निघतात आणि होळीला परत येतात. कोरडवाहू जमिनीत खरिपानंतर काही हाती नसतं. एसटीत बसताना मुकादमाचा फोन नंबर असतो, राहायची जागा नसते. पहिली रात्र कुठे काढायची हे कुणी ठरवलेलंच नसतं. ठेकेदार सकाळी येतो. तोवर स्टँडवर किंवा रस्त्याच्या कडेला.

त्यामुळे मला वाटतं, निवाऱ्याचा विचार करताना ही पहिली रात्र धरली पाहिजे. एसटी स्टँडवर उतरल्यावर "इकडे जा" असं सांगणारा एक फलक तरी हवा, आणि तो वाचता न येणाऱ्यासाठी एक माणूस.

रात्रपाळी

मी एका निवाऱ्यात तीन वर्षं काळजीवाहक होतो. आता तिथे नाही. खाटा रिकाम्या का राहतात हे आतून सांगतो.

एक, कुटुंबाला जागा नाही. वर आक्कांचं आलंच आहे. आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन कुटुंबं दारातून परत जायची आणि त्यांना परत पाठवणारा मी होतो. फार वाईट वाटायचं. नवरा-बायको-लेकरू अशी उभी असायची आणि मी रजिस्टर उघडून दोन वेगळे रकाने दाखवायचो.

दुसरं कारण कागदाचं. आधार मागायचा असा वरून तोंडी निरोप. ज्याचं सगळं बोचकंच गेलंय तो आधार कुठून आणणार? मी नाव, गाव आणि अंगठा घेऊन आत घ्यायचो. त्यावरून बोलणीही खाल्ली. खरं तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. म्हणजे निवाऱ्यानं कागद द्यायचा असतो, आणि आपण दारातच कागद मागतो.

आणि तिसरी गोष्ट बाहेरून कळत नाही. रस्त्यावर वर्षानुवर्षं झोपलेल्या माणसाला आत झोप येत नाही. एक बाबा होते, साठीच्या पुढचे, हमाली करून थकलेले. खाट दिली तर खाटेशेजारी खाली फरशीवर झोपायचे, चपला उशाला घेऊन. चपला चोरीला जातात म्हणून सवय. ट्यूबलाइट बंद केली की उठून बसायचे. मी त्यांच्या बाजूचा दिवा चालू ठेवायला लागलो, बाकीचे ओरडले तरी. अकरा रात्री असंच. बाराव्या रात्री ते खाटेवर चढले आणि चपला खाटेखाली ठेवल्या. मला म्हणाले, "मालवा आता."

अकरा रात्री थांबायची तयारी नसेल तर निवारा चालत नाही. तपासणीला येणारे साहेब एका रात्री येतात, डोकी मोजतात आणि लिहितात, प्रतिसाद कमी.

सनद

कायद्याचं विचारलं आहे म्हणून लिहिते. या विषयाची मुळं मुंबईतच आहेत.

१३ जुलै १९८१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईच्या पदपथावरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी पाठवायचं जाहीर केलं. भर पावसाळ्यात झोपड्या पाडून माणसं बसमध्ये बसवली गेली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल १० जुलै १९८५ ला लागला, सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाचा. माणसाचं पोट भरण्याचं साधन काढून घेणं म्हणजे त्याचं जगणं काढून घेणं, म्हणून उपजीविका हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यात आलं. लोक त्या पदपथावर का राहतात, तर काम जवळ आहे म्हणून, हेही न्यायालयाने मान्य केलं. मात्र हे अर्धंच सांगितलं जातं. रीतसर सूचना देऊन हटवायला न्यायालयाने परवानगी दिलीच. फक्त तो पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, असं सांगितलं.

निवाऱ्याचा आदेश पुढचा. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत पुसा रोडजवळचा एक तात्पुरता निवारा ऐन थंडीत पाडला गेला. त्यातून सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काच्या चालू खटल्यात २०१० मध्ये आदेश झाले आणि लाखामागे एक निवारा हे माप देशभरातल्या मोठ्या शहरांना लागू झालं. "नदीकाठ" यांनी जो नियम लिहिला आहे तो याच आदेशांच्या मागून आला. तेव्हा महापालिकेकडे जाताना भीक मागितल्यासारखं जाऊ नका.

भिकेवरून आठवलं. आपल्याकडे १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा अजून आहे. त्यात पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये यातली मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात तो आहे, आणि त्याची भीती रस्त्यावरच्या प्रत्येकाला आहे, भीक मागणाऱ्यालाही आणि न मागणाऱ्यालाही. रात्री गाडी घेऊन कुणीही "चला, निवाऱ्यात नेतो" म्हणालं की माणसं पळतात, ती यामुळे.

रात्रपाळी

सनदताई, हे शंभर टक्के. आमची गाडी पांढरी होती. ती दिसली की पूल रिकामा व्हायचा. शेवटी आम्ही गाडी लांब लावून चालत जायला लागलो.

परळचा जिना

पुण्याच्या धाग्यात मुंबईचं लिहितेय. मी परळला टाटा हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत राहते. आमच्याकडचे बेघर वेगळे. यांना घर आहे, शेत आहे, काहींना गावात मान आहे. घरातल्या कुणाला कॅन्सर झाला आणि ते मुंबईला आले. केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये तीन आठवडे. गावाला जाऊन यायचं तर भाडं आणि पेशंटचे हाल. राहायचं तर खोलीचं भाडं कुठून आणणार? मग पदपथावर एक प्लास्टिकचा कागद, स्टोव्ह आणि फाइल. फाइल मात्र सगळ्यांची चोख, दोन पिशव्यांत गुंडाळलेली.

दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळलाच नाना पालकर स्मृती समिती आहे. दोन्ही ठिकाणी अगदी थोड्या पैशांत पेशंट आणि सोबतचा माणूस राहू शकतो. अशा आणखीही जागा आहेत. या नसत्या तर परळचं काय झालं असतं याचा विचार करवत नाही. पण यादी मोठी असते आणि नंबर लागेपर्यंतचे दिवस रस्त्यावरच जातात.

आमच्या चाळीतल्या बायका एक साधी गोष्ट करतात. सकाळी सात ते नऊ तळमजल्यावरचं न्हाणीघर पेशंट बायकांसाठी मोकळं ठेवतात. केमोनंतर केस गेलेल्या बाईला पदपथावर, नळावर, लोकांसमोर डोकं धुवावं लागतं, हे एकीनं पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं. तेवढ्यावरून सुरू झालं. सहा वर्षं झाली.

खडू

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होतो, पुढे शहरात बदली झाली आणि बीएलओचं, म्हणजे मतदार यादीसाठी नेमलेल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं काम आलं. हा अनुभव कुणाच्या कामी येईल म्हणून लिहितो.

बेघर माणसालाही मतदार यादीत नाव नोंदवता येतं. पत्त्याचा पुरावा लागत नाही. सहा नंबरच्या अर्जात तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. मग बीएलओनं रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं, आणि एक रात्र पाहून भागत नाही, एकाहून जास्त रात्री जायचं, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. मला आधी माहीत नव्हता. एका मंदिराबाहेर फुलं विकणाऱ्या आजींनी अर्ज दिला तेव्हा वरिष्ठांना विचारलं आणि कळलं.

मी दोन रात्री गेलो. पहिल्या रात्री साडेदहाला आजी झोपल्या होत्या, मी उठवलं नाही. दुसऱ्या रात्री त्या जाग्या होत्या, माझी वाट बघत. अंगावर धुतलेलं लुगडं होतं. मला वाटतं घर तपासायला साहेब येणार म्हणून नेसल्या असाव्यात. त्यांनी पायरीवरची जागा पदराने झाडली आणि म्हणाल्या, बसा. अर्जात पत्ता काय लिहायचा यावर आमचं बोलणं झालं. "मंदिराची दक्षिणेकडची तिसरी पायरी" असं लिहिलं. कार्ड आलं तेव्हा त्यावर तेवढं सगळं आलं नाही, पण नाव आलं.

भायखळा ते मानखुर्द

खडू सर, वाचून भरून आलं.

आमची आई भायखळ्याच्या पदपथावर वाढली. मीही चौदा वर्षांची होईपर्यंत तिथेच. म्हणून थोडं हक्कानं लिहिते. १९८५ च्या निकालाच्या आसपास सगळ्यांना वाटायचं, आता आपल्याला उचलणार. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये काढलेली स्पार्क ही संस्था तेव्हा आमच्या भागात काम करत होती. त्यांनी पदपथावरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली. आई सांगायची, पहिल्यांदा कुणीतरी येऊन विचारलं की तुम्ही किती वर्षं इथे आहात, काय खाता, कुठे काम करता. तोपर्यंत फक्त "कधी जाणार" एवढंच विचारलं जायचं.

त्यातून १९८६ मध्ये महिला मिलन ही बायकांची संघटना उभी राहिली. बायका रोज रुपया, दोन रुपये बाजूला काढायच्या. घर कसं हवं ते बायकांनीच ठरवलं. लांबी-उंची कळावी म्हणून लुगडी धरून मापं घेतली आणि अख्खं घर उभं करून पाहिलं. चौदा फूट उंची हवी, म्हणजे आत माळा टाकता येतो, हे कुठल्या इंजिनिअरनं सांगितलेलं नाही. पदपथावर सहा फुटांत संसार केलेल्या बायकांनी सांगितलं. मानखुर्दचं मिलननगर असं उभं राहिलं. मध्ये वीस वर्षं गेली. आईनं घर पाहिलं, आजीनं नाही.

तुमच्या आक्कांनी पेटी मागितली ना, ती आधी द्या. आमचं सगळं बचतीपासून सुरू झालं, आणि बचत ठेवायला सुरक्षित जागा लागते.

परिचारिका (निवृत्त)

नदीकाठ यांच्यासोबत जाणारी परिचारिका मीच. एक विषय राहिला, मनोरुग्णांचा. विस्कटलेले केस, अंगावर चार कपडे एकावर एक, स्वतःशी बोलणारी माणसं. यांना ब्लँकेटही पोचत नाही, कारण आपण घाबरतो.

कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये हे काम सुरू केलं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणायचं, उपचार करायचे आणि घर शोधून पोचवायचं. सुरुवात एका तरुणापासून झाली. तो नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पीत होता. उपचारानंतर कळलं, तो विज्ञानाचा पदवीधर. डॉ. भरत यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्याला काय करता येईल? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, असा माणूस फिरताना दिसला तर त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी रुग्णालयात तपासायला नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे, कलम १००. गेल्या पावसाळ्यात एका बाईंसाठी आम्ही ठाण्यावर गेलो. ठाण्याचं नाव घेत नाही. "आमचं काम नाही" असं सांगितलं. मी कलमाची छापील प्रत टेबलावर ठेवली आणि बाकावर बसून राहिले. दीड तासानं एक तरुण महिला शिपाई उठली आणि म्हणाली, चला मावशी, मी येते. तिनं त्या बाईंचे केस स्वतःच्या हातानं मोकळे केले, गाडीत. प्रत आता माझ्या पर्समध्येच असते.

टेकडीवरून

वर दारूबद्दल मीच लिहिलं होतं. सगळं वाचलं. आमच्या कोपऱ्यावर सकाळी साडेसहाला गेलो. सात माणसं अंथरुणं गुंडाळत होती. सगळी शुद्धीत. अंथरुणं त्यांनी विजेच्या डीपीच्या पेटीमागे कोंबली आणि अड्ड्याकडे निघाली. नदीकाठ, पेट्यांचं काय ठरलं? माझा एक गाळा आहे, त्याची मागची खोली रिकामी पडून आहे.

नदीकाठ

ठरलंय, आणि तुमचा गाळा हवाच आहे, व्यक्तिगत निरोप केला आहे.

पुलाजवळच्या गणेश मंडळाची मांडवाचं सामान ठेवायची खोली आहे. रिक्षाकाका त्यांच्या ओळखीचे. दोन बैठका झाल्या. "उद्या ते तिथेच राहायला लागले तर?" असं एकानं विचारलं, ते मी समजू शकते. मंडळाच्या अध्यक्षांच्या आईनं शेवटी विषय संपवला. त्या म्हणाल्या, मांडव वर्षाचे दहा दिवस लागतो, त्याला खोली आहे. बारा पेट्या गेल्या रविवारी ठेवल्या. खोली सकाळी साडेसहा ते सात आणि रात्री आठ ते नऊ उघडते. प्रत्येकाचं कुलूप, प्रत्येकाची किल्ली, आमच्याकडे दुसरी किल्ली नाही.

आक्कांनी पेटीत पहिल्यांदा ठेवलं ते मुलाच्या दाखल्याची नवी प्रत, जी शाळेत चार खेपा घालून मिळाली. मग दोन साड्या. मग एक कढई, नवी, ॲल्युमिनियमची. किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि दोनदा ओढून पाहिली.

कुटुंबासाठी वेगळ्या खोलीचा अर्ज निवाऱ्याच्या कार्यालयात दिला आहे, पोच घेतली आहे. सनदताईंनी मसुदा पाहिला. रात्रपाळी, तुम्ही पुढच्या बैठकीला आलात तर त्या अकरा रात्री तिथे सांगाल का?

या शनिवारी रात्री दहाला नेहमीच्या ठिकाणी. येणाऱ्यांनी ब्लँकेट आणू नका. पासपोर्ट आकाराचे फोटो काढायचे आहेत, आधारच्या अर्जांसोबत जपून ठेवायला. कुणाकडे फोटो लगेच छापणारा छोटा प्रिंटर असेल तर कळवा.